डोक्यावरचा पिवळा ठिपका

लग्नाला वीस वर्षं झाली, पण बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट कळत नाही. स्वतःची किळस येते, एवढं कळतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका कॉलेजात एम.फार्म. करत होतो. विषय घेटुळी, म्हणजे पुनर्नवा. उंदरांना किडनी बिघडवणारं इंजेक्शन द्यायचं, घेटुळीच्या मुळाचा अर्क पाजायचा आणि किडनी वाचते का ते बघायचं. मुळं पेठजवळच्या पाड्यावरच्या सोनीबाई द्यायच्या. त्या झाडपाल्याचं औषध करायच्या. मूळ काढण्याआधी झाडाशी चार तांदूळ ठेवायच्या, झाडाला विचारायच्या, मगच हात लावायच्या. मला हसू यायचं. शिकलेला ना मी!

अर्क दिलेल्या उंदरांच्या डोक्यावर ओळखीसाठी पिवळा ठिपका असायचा. असे सहा उंदीर होते. त्यातले चार मेले.

प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. मग मी — कसं सांगू? — बाजूच्या पिंजऱ्यातले चार धडधाकट उंदीर उचलले, इंजेक्शनच न दिलेले. त्यांच्या डोक्यावर पिवळे ठिपके लावले. मेलेले कागदात गुंडाळून कॉलेजमागे पुरले. परीक्षकांनी माझी पाठ थोपटली. एवढंच असतं तर कदाचित मी विसरलोही असतो.

पण काही महिन्यांनी सोनीबाई कॉलेजात आल्या. सोबत मुलगा काशिनाथ. पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर जायचा. तोंड सुजलेलं, पाय इतके सुजलेले की चपला हातात घेतलेल्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडन्या बिघडल्यात, आजच्या आज भरती करा. सोनीबाईंनी मला एकच विचारलं, "सायब, मुळीनं तुमची उंदरां जगली ना?"

शेजारी माझे सर उभे होते. एक "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "जगली. सगळी."

त्यांचा चेहरा उजळला. मुलाला घेऊन त्या दवाखान्याकडे न जाता पेठच्या गाडीकडे वळल्या. मी बघत होतो, बरं का. हाक मारता आली असती. मी कँटीनमध्ये जाऊन मिसळ खाल्ली, वर एक पाव जास्त मागितला. त्या पावाची आठवण झाली की आजही तोंडात घाण चव येते.

त्याच प्रबंधावर मला नोकरी लागली. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथल्या कामासाठी मी पुन्हा सोनीबाईंकडे मुळं आणायला गेलो — हो, गेलो! काशिनाथ पंधरा दिवसही काढू शकला नव्हता. सोनीबाईंनी औषध देणं सोडलं होतं.

"मुळी खोटी नाय, सायब," त्या म्हणाल्या. "घाईघाईत मी तांदूळ ठेवायची इसरली. पोऱ्या माझ्याच हातानं गेला."

मी मान हलवली. हो म्हणाल्यासारखी.

माझ्यासाठी म्हणून त्या उठल्या, मुळं काढून दिली. त्या दिवशी प्रत्येक झाडाशी त्यांनी मूठ मूठ तांदूळ ठेवले, आणि मी पिशवीचं तोंड उघडं धरून शेजारी उभा होतो.