कमलाबाईंचं अंगण

थरच्या वाळवंटात ढग गडगडला आणि मी कोकणी सवयीने छत्री उघडून अंगणात धावलो. "भाईसाब, पहले चप्पल उतारो!" घरमालकीण कमलाबाई कडाडल्या. ते उतरतं अंगण त्यांनी सकाळीच झाडून लख्ख केलं होतं. त्यावर पडलेलं पाणी जमिनीखालच्या टाक्यात जातं आणि घर वर्षभर तेच पितं. मी चपला भिरकावल्या. टपोरे थेंब आले, टाक्यात पहिली धार कोसळली आणि सगळी आळी एकदम ओरडली. मीही ओरडलो! आमच्याकडे पावसाला आम्ही पन्हळीतून हाकलून देतो, थेट समुद्रापर्यंत. इथे त्याच्यासाठी माणसं अनवाणी उभी होती. आयुष्यभर पाऊस अडवणारी छत्री मी उलटी धरली आणि काठोकाठ भरली तशी कमलाबाईंच्या टाक्यात रिकामी केली.