सोललेल्या फोडी

कॅम्पातल्या मिलिटरी दवाखान्यात माझी ड्यूटी सर्जिकल वॉर्डला लागली तेव्हा थंडी नुकती सुरू झाली होती. मी आया होते. बंदूक कधी हातात घेतली नाही. पण सकाळचा हजेरीचा फॉल-इन मलाही होता, छातीवर नंबराचा बिल्ला होता, आणि ऑर्डर म्हणजे ऑर्डर हे सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सिस्टर लेफ्टनंट होत्या, केरळकडच्या. मी चौथी पास, पलंगावरचे तक्ते वाचता यायचे, म्हणून वॉर्ड मिळाला. नाहीतर धुलाईघर मिळालं असतं.

त्या हिवाळ्यातलं सगळं मला धुक्यातून पाहिल्यासारखं आठवतं. सकाळी आगगाडीची शिटी ऐकू यायची, गाडी दिसायची नाही. ऊन व्हरांड्यात उतरलं की आम्ही पलंग बाहेर ओढायचो. मग स्पंजिंग, टेंपरेचर, चहा. दुपारी सिस्टर फळांची टोपली माझ्यापुढे ठेवायच्या. आर्वीकडची संत्री, मोसंबी, दोन-चार लिंबं. त्याचं सॅलड करायला त्यांनीच मला शिकवलं. आमच्या घरी संत्रं सोललं की तोंडात टाकलं, एवढंच ठाऊक.

साल काढून झाली की पांढऱ्या दोऱ्या काढायच्या. प्रत्येक फोड पाठीकडून नखाने उघडायची, बिया काढायच्या, पापुद्रा उलटवायचा आणि आतला गर न मोडता सोडवायचा. मोसंबी सुरीने सोलून तिच्या पातळ चकत्या करायच्या. वर लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. चमचा घालून ढवळायचं नाही, तामचिनीचं वाडगं नुसतं हलवायचं. साल मोडताना बारीक फवारा उडतो. उन्हात तो क्षणभर दिसायचा आणि विरून जायचा. तो पाहत बसलं की मी कुठे आहे, कोणाच्या ड्यूटीवर आहे, काही लक्षात राहायचं नाही.

एका दुपारी दारूगोळ्याच्या शेडमागचं वाळलं गवत पेटलं. आग शेडपर्यंत पोचण्याआधी गार्डच्या जवानांनी ती विझवली. लान्स नायक महादेव सगळ्यांत पुढे होता. हातातलं ओलं पोतं जळून गेल्यावर त्याने हातांनीच आग दाबली. त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत जळलेले होते, छातीही भाजलेली. डॉक्टर मेजरसाहेबांनी ड्रेसिंग केलं. हातांची दोन पांढरी गाठोडी झाली.

दूध दिलं, उलटून पडलं. दलिया आणला, त्याने मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मेजरसाहेब सिस्टरांना म्हणाले, "याच्या पोटात काही गेलं नाही तर हा टिकणार नाही."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आया, सॅलड. क्विक."

मी वाडगं घेऊन पलंगाशी बसले. वासाने त्याने डोळे उघडले.

"संत्रं हाय?"

"हाव, दादा."

"कोन गावची वं तू? बोली आपल्याकडची दिसते."

"आर्वीकडची."

"मी रोहण्याचा. तू कोनत्या गावची? कोनाच्या घरची?"

या प्रश्नाला मी भीत होते. आमच्या भागातली रीत अशी होती की अख्खं संत्रं आमच्या हातून कोणीही घ्यायचं. साल असते, विटाळ आत जात नाही असं मानायचे. सोललेलं, मीठ लावलेलं मात्र कोणी घेत नसे. वॉर्डात पंजाबी, गढवाली, मद्रासी होते. त्यांना माझं गाव ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. हा आपल्याकडचा निघाला. खोटं सांगितलं असतं तर खपलं असतं. पण ज्याचा जीव त्या वाडग्यावर अडला होता, त्याला फसवून खाऊ घालायला माझं मन तयार होईना.

मी गाव सांगितलं. "गावाबाहेरच्या वस्तीतली. आमी आता बौद्ध झालो."

 त्याने आपल्या हातांची दोन गाठोडी थोडी उचलली.

"हात असते त मीच सोललं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पलटनच्या लंगरात कोनाकोनाच्या हातचं खाल्लं. तिथं मालूम नोतं. इथं मालूम झालं."

"मंग?" मी म्हटलं.

शेजारच्या पलंगावर नायक करतार सिंग होते, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. ते ओरडले, "ओए महादेव! खाता है कि मैं खा लूँ? टाँग टूटी है मेरी, मुँह नहीं!"

महादेव हसला. हसताना छाती दुखली असावी, त्याने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच तोंड उघडलं.

मी पहिली फोड ठेवली. त्याने ती चघळली. गिळली.

"मीठ कमी हाय वं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने अर्धं वाडगं खाल्लं आणि ते पोटात राहिलं. पुढे रोज दुपारी खात गेला. सिस्टरांनी तक्त्यावर लिहिलं, मेजरसाहेब एकदा माझ्याकडे पाहून मान हलवून गेले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, हा उठणार. पण जखमांचं विष रक्तात गेलं होतं. ताप चढला तो उतरला नाही. एका सकाळी धुकं अजून अंगणात होतं, आणि तो गेला.

दुपारी त्याची आई मोटारीने आली. तिला वाटेत कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ घरच्या झाडांच्या संत्र्यांचं गाठोडं होतं. सिस्टरांनी तिला मुलाजवळ नेलं. परत आल्यावर ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. रडली नाही.

"मह्या पोरानं काई खाल्लं का जी?" तिने विचारलं.

"ये खिलाती थी, माँजी," करतार सिंगांनी व्हरांड्यातल्या पलंगावरून माझ्याकडे बोट केलं. "रोज, अपने हाथ से."

"काय चारे वं?"

"संत्रं. सोलून."

"कोनाची तू?"

मी तिलाही सांगितलं, जसं त्याला सांगितलं होतं.

"त्याले मालूम होतं?"

"हाव, माय. खायच्या आदीच सांगतलं मी."

 तिने गाठोडं सोडलं, एक संत्रं काढून माझ्यापुढे धरलं.

"सोल."

"माय, तुमी..."

"सोल म्हंते ना. त्याले देत होती तसं."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसू लागले. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. मी साल काढली, दोऱ्या काढल्या, फोड उघडून गर तिच्या हातावर ठेवला. तिने तो तोंडात घातला.

"आता सांग," ती म्हणाली, "कसा खाये तो."

मी एकेक फोड सोलत गेले आणि सांगत गेले. लान्स नायक महादेव आधी डोळे मिटायचा, मग तोंड उघडायचा.