रस आधी आत्याला

माझी आत्या इस्पितळाच्या धोबीखान्यात फाटक्या चादरी शिवायची. बॉयलरमागच्या भिंतीलगत कामोणीचं झुडूप माजलेलं असे. सुट्टी झाली की आत्या त्याचा पाला पिशवी भरून आणायची. पिकलेली काळी फळं आम्ही पोरं गट्टम करायचो, हिरव्याला हात लावला की धपाटा, कारण त्यात विष. पाल्याचा रस ती काविळीवर द्यायची आणि डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायची. मला तिचा हा हेका कधीच पटला नाही.

तिची एक रीत होती. रस आधी स्वतः प्यायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तासभर बघत राहायचं. त्या वेळात कुणी ब्र काढायचा नाही. रसात हिरवी फळं चिरडली गेली असली, तर तिला खुर्चीत ओल्या कोटातला एक माणूस येऊन बसलेला दिसे. मग रस मोरीत.

"आला गं बाई मेला," ती म्हणायची. "चहासुद्धा मागत नाही, नुसता बघतो."

आम्ही हसायचो, पण आमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसत नसे.

यंदा बाबांना कावीळ झाली. इस्पितळाचं नाव काढलं की ते अंगावर यायचे. त्यांचा भरवसा फक्त बहिणीवर. दुपारी मी घरी पोचले, तेव्हा आत्या रस पिऊन बसली होती. मी दमले होते, गुपचूप समोर टेकले.

तासाभरानं तिनं पेला भरला आणि आत हाक मारली, "दादा, घे बिनघोर. खुर्ची रिकामी आहे."

खुर्चीत मी होते.

"आत्या, मी बसलेय इथे!"

तिनं माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं. मग पुढे येऊन माझा गाल चाचपला, नाक चाचपलं, आणि म्हणाली, "दिसत नाहीयेस गं मला." मी पेला हिसकावून ओतून दिला. बाबा शिव्या घालत होते, तरी त्यांना इस्पितळात पोचवलंच.

परतले तर आत्या चपला घालून दारात उभी.

"या महिन्यात तिघांना दिलाय मी," ती म्हणाली. "तिन्ही वेळा खुर्ची रिकामीच होती. चल."

पहिल्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "परवा रात्रीच इस्पितळात हलवलं त्यांना. तुम्हाला कळलं नाही?"

आत्या पायरीवर बसली. माझा हात तिनं सोडला नाही.

"दुसरं घर तूच बघून ये," ती म्हणाली.