आगलावी आणि एक टिंब

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत भांडणं लावणाऱ्याला आम्ही तोंडावर आगलाव्या म्हणतो. पण रुचिरा तावडे ही खरीखुरी आगलावी, आणि त्याचा तिला पगार मिळतो. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत ती दिवसभर पडद्यांच्या, गाद्यांच्या कापडाचे तुकडे पेटवते आणि ते कसे जळतात ते मोजते. "एवढं शिकून शेवटी जाळपोळच ना गं?" असं मी चिडवलं की हसते. शेजारीण म्हणून नाही, पण मला ती पोरगी फार आवडते, हे आधीच सांगून टाकते.

तिचे वडील धोंडूकाका. गिरणी सुटल्यापासून सोसायटीच्या गणपतीचं मखर त्यांच्याच हातचं. बांबू, सुती जाळी, कागदी फुलं. भाड्याची सजावट त्यांना बघवत नाही. गेल्या वर्षी मूर्ती यायच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये मखर चिकटवून झालं, काकांनी शुभशकुन म्हणून निरांजन लावलं आणि भप्पकन सगळं पेटलं. बादल्यांनी विझलं, कुणाला इजा झाली नाही. काका मात्र खचले. घरच्या देवापुढेसुद्धा काडी ओढेनात. यंदा कमिटीच्या अण्णांनी तयार मखर आणायचं ठरवलं.

"बाबांचं मखर गेलं ना मावशी, तर बाबाच गेले समजा," रुचिरा म्हणाली आणि गेल्या वर्षीची उरलेली जाळी घेऊन मला गच्चीवर ओढत नेलं. मी बादली धरून उभी, मागोमाग आलेले काका लांब जिन्याच्या दाराशी. तिने जाळीची पट्टी उभी टांगली, खालच्या कडेला ज्योत लावली, काढली, आणि आग किती चढते ते फूटपट्टीने मोजलं.

"कापड स्वतः जळत नाही, मावशी. तापलं की त्यातून वाफा निघतात, त्या पेटतात. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. सुती कापडाला अठरासुद्धा पुरतो, म्हणून ते सहज जळतं. लोकरीला पंचवीसच्या आसपास लागतो, म्हणून ती करपून विझते."

जाळी जळाली, पण खालून वर चढत. रुचिराने मान हलवली. "हे भप्पकन नाही. तिथे वाफ आधीच साचलेली होती. बाबा, चिकटवलं कशाने?"

काकांनी रबरी सोल्यूशनचा डबा आणला. ते मोठ्या पिंपातून छोट्या डब्यात भरून ठेवत. डब्यावर त्यांच्याच हाताने पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: 'अ. ज्वलनशील'.

"बघ मगे! अज्वलनशील लिवलला आसा. पेटाचा नाय म्हणानच तर निरांजन लावलंय."

रुचिराने टिंबावर बोट ठेवलं. "मग हे टिंब कशाला, बाबा?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अगो... अति! डबो ल्हान, 'अति' मावना, म्हणान टिंब दिलंय!"

स्वतःच्याच अक्षराने त्यांची वाट लावली होती. मला हसू आवरेना. मग काकाही हसले, वर्षभरात पहिल्यांदा, आणि हसता हसता रडले. मलाही रडू आलं.

निरांजनाने पेटली ती सोल्यूशनचीच वाफ, म्हणून तो डबा बाद झाला. मखर आता खळीने चिकटवायचं आणि दोऱ्याने शिवायचं. रुचिराने टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून जाळी त्यात बुडवली, सुकवली आणि अण्णांसमोर पेटवली. ज्योत काढली तशी आग विझली; पट्टी दोन बोटं काळी, बाकी कोरी. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ठीक आहे, धोंडू. पण ज्योत काचेत आणि वाळूची बादली शेजारी."

चतुर्थीला हॉल भरला. आरती सुरू व्हायची वेळ झाली आणि काकांनी काडेपेटी रुचिरापुढे धरली. "तूच लाव गो बाय. आगलावी ना तू!"

तिने हात मागे घेतला. "आज तुम्ही."

काकांची पहिली काडी मोडली. दुसरी पेटली, निरांजन लागलं, आणि त्यांनी वरून काच बसवली. मखर नुसतं उजळलं. शेजारी वाळूची बादली होती, तिच्यावर काकांनी रंगवलं होतं: 'अति उपयोगी'. त्यातला 'अति' एवढा मोठा होता की 'उपयोगी' कडेला कसंबसं कोंबलं होतं.