अर्ध्या मॅचचे कोच

“आलोच मी!” एवढं म्हणून ते स्कूटरला किक मारायचे. शिट्टी गळ्यातच, पायांत खेळाचे बूट तसेच, आणि मैदानावर पोरं तोंडाकडे बघत उभी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो कुठेच पुरता बसत नाही. आमच्या कॉलेजचे नवे फुटबॉल कोच तसे होते.

मी मराठीचा प्राध्यापक. क्रीडा समिती कुणीच घेईना म्हणून ती माझ्याकडे आली. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. यंदा टीमनं काही करून दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी फुटबॉल बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. त्यामुळे गोव्याच्या क्लबात खेळलेला, मूळचा इथल्याच वडगावातला, पस्तिशीचा माणूस स्वतःहून कोच व्हायला आला तेव्हा आम्हाला आनंदच झाला. गोवा सोडून हा इथं का आला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शिकवायचे छान. आवाज चढवत नसत. पहिल्या मॅचला आम्ही चार गोल खाल्ले. त्यानंतर घामाघूम झालेल्या कॅप्टनच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “लई पळालास. आता उद्यापासनं उगंच पळू नगंस.” कॅप्टन जवळच्या कंग्राळी गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, तापट पोरगा. तो चिडला, पण दुसऱ्या दिवसापासून कमी पळू लागला. पुढच्या मॅच आम्ही जिंकत गेलो.

फक्त एक गोष्ट खुपायची. सरावाच्या मधेच ते घड्याळ बघायचे आणि “आलोच मी” म्हणून निघायचे. बाहेरगावच्या मॅचला तर यायचेच नाहीत. मी पोरांना घेऊन जायचो. सेमीफायनल आमच्या इथंच, कॅम्पातल्या मैदानावर होती. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला आणि कोचांनी स्कूटर काढली. पोरं जिंकली कशीबशी. पण जिंकल्यावर कॅप्टन माझ्याकडे आला तो लालबुंद होऊन.

“निम्म्या मॅचचा कोच काय करायचा, सर? चला, आत्ताच्या आत्ता घरला जाऊन विचारूया.”

वडगावातल्या त्यांच्या घराला पुढं मागाची शेड आणि मागं एक खोली. दोन्ही यंत्रमाग त्यांनी शेजाऱ्याला चालवायला दिले होते. खोलीचं दार उघडंच होतं. कोच एक गुडघा खाटेवर टेकवून एका धिप्पाड म्हाताऱ्याची कूस बदलत होते. त्यांच्या गळ्यातली शिट्टी म्हाताऱ्याच्या छातीवर लोंबत होती. ते त्यांचे वडील, आप्पा. त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा व्हायच्या.

आम्हाला बघून ते दचकले नाहीत. कॅप्टनला म्हणाले, “आलास? पाय तेवढा धर रं जरा.”

भांडायला आलेल्या पोरानं पाय धरला. दोघांनी मिळून आप्पांना वळवलं. कोच त्याच्याकडे बघतच राहिले. “दुसऱ्या कुणाचा हात लागला की आरडत्यात आप्पा. तुला काय म्हणाले न्हाईत बघ.”

आई कधीच गेलेली. बहीण खानापूरला दिलेली. तिच्यामागं तिची शेती आणि तिची सासू. आप्पा पडले त्या आठवड्यात कोच गोव्याहून आले ते परत गेलेच नाहीत.

त्यानंतर डावपेचांची बैठक त्यांच्या खोलीतच भरायला लागली. पोरं जमिनीवर मांडी घालून बसायची, कोच फरशीवर मागाच्या सुताच्या रिकाम्या बॉबिन मांडून कुणी कुठं उभं राहायचं ते दाखवायचे, आणि आप्पा एका डोळ्यानं बघायचे. आमच्या कॉलेजात त्यांच्याइतका शांत श्रोता मला मिळालेला नाही, असं मी एकदा म्हणालो. कोच मोठ्यानं हसले. मग मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि भर दुपारी, रहदारीत, सांगून गेले.

“सर, कधी कधी मनात येतंय, आप्पा गेले की मी सुटंन. मनात आलं की माझीच मला भीती वाटती. मग त्या दिवशी लई हळू हात लावतो त्यास्नी.”

एवढं बोलून ते मागं वळलेसुद्धा.

फायनल निपाणीला होती. आप्पांजवळ थांबायला बहीण येणार होती, पण आदल्या दिवशी तिच्या सासूला दवाखान्यात हलवावं लागलं. कॅप्टन म्हणाला, “मी थांबतो आप्पांजवळ. तुम्ही जावा, सर.”

“कॅप्टन घरात आणि कोच मैदानात? खुळा काय रं तू?” एवढंच बोलून त्यांनी पोरांच्या जर्सी माझ्या हातात दिल्या.

निपाणीला मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलनं मागं होतो. मी फोन लावला. पहिली रिंग संपायच्या आत त्यांनी उचलला.

“काय चाललंय, सर?”

“वादळात सापडलेल्या नावेसारखी गत आहे हो आपल्या पोरांची.”

“नाव ऱ्हाऊ दे, सर. त्यांचं कोण कुठं उभारलंय तेवढं सांगा.”

खेळ पुन्हा सुरू झाला तसं मी दिसेल ते सांगू लागलो. उजवीकडं मागं खेळणारा त्यांचा उंच पोरगा कंबरेवर हात ठेवून वाकला होता. कोच म्हणाले, “दमलाय त्यो. त्याच्या अंगावरनं बॉल काढा म्हणावं.” मी कॅप्टनला बाहेरून ओरडून शब्दन् शब्द सांगितला. बरोबरीचा गोल त्याच बाजूनं झाला.

निकाल पेनल्टीवर गेला. फोन मी बंद केला नव्हता. आमच्या पोराचा शेवटचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि मैदानात गलका उठला.

“कुणाचा आवाज ह्यो, सर?”

“त्यांचा.”

पलीकडून आप्पांचं कण्हणं ऐकू आलं. “आलोच, आप्पा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

फायनलपर्यंत गेल्यामुळे फुटबॉल टिकला. पण पुढच्या वर्षी व्यवस्थापनाला टीमबरोबर फिरणारा कोच हवा होता. मी बराच वाद घातला, उपयोग झाला नाही. सांगायलाही मलाच जावं लागलं. ते म्हणाले, “बरोबर हाय की, सर. मीबी तसंच केलं असतं.” आणि मला चहा पाजला. त्या चहाची चव मला आठवत नाही. कप धरलेली त्यांची बोटं तेवढी आठवतात.

परवा वडगावातून जाताना ते दिसले. आप्पांना दारात उन्हाला बसवून दाढी करत होते. आप्पा खूपच वाळले होते. कोचांचे कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. यंदा गोलकीपर कोण, डावीकडून कोण खेळतंय, सगळं त्यांनी खोदून विचारलं.

“एकदा येऊन बघा की मैदानावर,” मी म्हणालो. “थोडा वेळ तरी.”

त्यांनी वस्तरा पुसला. “न्हाय सर. आलो तर मधेच परत फिरावं लागतंय.”

मी आणखी काही बोलणार होतो, तेवढ्यात शेडमध्ये शेजाऱ्यानं माग चालू केला. त्या खडखडाटात काहीच ऐकू येईना. त्यांनी आप्पांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, आणि माझ्याकडे न बघता, हातानंच मला निघा म्हणून सांगितलं.