मार्गेडमावशीच्या पाठीमागचं दार

आमच्या चॅपेलची जुनी मांडणी मला कधीच पटली नव्हती. दोन दारांच्या मधोमध व्यासपीठ आणि सगळी बाकं दारांकडे तोंड करून. उशिरा येणाऱ्याची फजिती अख्ख्या गावाने बघायची. अठराशे चौसष्ट साली खाणीवर माणसं वाढली, चॅपेल अपुरं पडायला लागलं, तेव्हा गावचा सुतार म्हणून मीच सुचवलं, व्यासपीठ पलीकडच्या भिंतीला नेऊ, वर सज्जा बांधू, बाकं फिरवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी मार्गेडमावशी उठली.

"म्हणजे मी दाराकडे पाठ करून बसायचं, ग्रिफिथ?"

अख्ख्या वेल्समध्ये अशी बाई नसेल. पायाला भिंगरी लावल्यासारखी. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, तेव्हापासून चालता चालता मोजे विणत बंदरापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. जुनं चॅपेल बांधलं तेव्हा याच बाईने ओच्यातून समुद्राची वाळू वाहून आणली होती. फक्त रविवारी ती तासभर स्वस्थ बसायची, दाराकडे बघत. तिचा डेयो सतराव्या वर्षी पाटीचा दगड नेणाऱ्या जहाजावर गेला, तेव्हा म्हणाला होता, "एखाद्या रविवारी येईन, आई. माझी जागा धरून ठेव." तीन वर्षं ती आपल्या शेजारी त्याचं स्तोत्रपुस्तक ठेवून जागा धरत होती.

"आला तर हाक मारेल की, मावशी," मी म्हणालो.

"तुला काय जातंय बोलायला? तुझी पोरं तुझ्यासमोर जेवतात."

मी चिडलो. एका बाईच्या हट्टापायी बांधकाम अडवायचं का? फिरवली बाकं. पाइनच्या स्वस्त फळ्यांवर ओकच्या लाकडासारख्या रेषा रंगवल्या, दर्शनी भिंतीवर नवं साल कोरून घेतलं आणि स्वतःवरच खूश झालो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आम्ही चॅपेलचा कारभार बघणारी वडीलमंडळी व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर बसतो, लोकांकडे तोंड करून. पहिल्याच रविवारी दाराची कडी वाजली. उपासनेत मान वळवून मागे बघणं आमच्याकडे लाजिरवाणं. मावशीने मान वळवली नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. दारात दुकानदारीण होती, नेहमीसारखी उशिरा. मी किंचित मान हलवली, 'नाही' म्हणून. मावशीची बोटं मांडीवर चुळबुळायला लागली.

झालं, ते काम माझ्या गळ्यात पडलं. नऊ वर्षं. प्रार्थनेत डोळे मिटायचीही चोरी. कडी वाजली की माझ्याच काळजात लक्क व्हायचं. सर्दीने घरी बसलो, तर सोमवारी मावशी दारात हजर. "काल तुझ्या जागी कुणीच नव्हतं. कोण कोण उशिरा आलं ते आता मी कुणाला विचारू?"

एकदा वैतागून म्हणालो, "मावशी, तुझी ही चाकरी मला झेपत नाही."

"मग फिरव बाकं परत," ती म्हणाली. सुया थांबल्या नाहीत.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात, एका शनिवारी, जहाजावरून उतरलेल्या खलाशाने आमच्या चॅपेलच्या पाळकांना गाठलं. डेयो दोन वर्षांपूर्वीच परक्या बंदरात तापाने गेला होता. पाळकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "सोमवारी आपण दोघं जाऊन सांगू. उद्याची उपासना तरी तिला मिळू दे." मी हो म्हणालो. हो म्हणायला नको होतं.

रविवारी मोठ्या बाकावर मला बसवेना. दुसऱ्या स्तोत्राआधी कडी वाजली. मावशीने माझ्याकडे पाहिलं. दारात दुकानदारीण होती. मी मान हलवली. अगदी नेहमीसारखी, शपथेवर सांगतो.

मावशी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारचं स्तोत्रपुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि त्या जागेवर सरकून बसली. स्तोत्र सुरू झालं. त्यानंतर आणखी दोनदा कडी वाजली. तिने वर पाहिलं नाही.