ढवळूचा कोयता

वकील हरेश हिलम कुठल्याही आरोपीला, तू हे केलंस का, असं विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, घरी कोण आहे. या प्रश्नावर गजाआडचा माणूस जरा हलतो. कुणी बायकोचं नाव सांगतो, कुणी त्याआधी बैलाचं. हरेश ऐकून घेतो. खुनाच्या प्रकरणात त्याला एवढंच खरं धरून चालता येतं. बाकी सगळं कोर्टात बदलतं.

जव्हारला एसटी स्टँडमागे त्याची खोली आहे. पुढे टेबल आणि दोन खुर्च्या, पडद्यामागे खाट आणि गॅस. कातकऱ्याचा पोरगा वकील झाला तेव्हा लोक त्याला बघायला येत. आता रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात, पण पाय थांबवत नाहीत. त्याचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीच्या बापाने चौकशी केली, हा कुणाकुणाला सोडवतो ते ऐकलं आणि परत फिरकला नाही. हरेशला त्या माणसाचा राग आला नाही. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर तो काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटायला तेवढं पुरतं.

ढवळूचं प्रकरण सरकारी मदतीतून त्याच्याकडे आलं. नको म्हणता आलं असतं, कारण सूर्यमाळच्या खालचा तो पाडा त्याच्या आईचं माहेर. लहानपणीचे उन्हाळे त्याने तिथे ओहळात मासे धरत काढले होते. पण ढवळूची बोली समजणारा दुसरा वकील नव्हता.

पाड्यावर लग्न होतं. नाच, दारू, मग कुठल्याशा जुन्या बोलण्यावरून बाचाबाची. सकाळी पुंजा ओहळाच्या काठावर मेलेला सापडला, डोकं फुटलेलं. दुपार व्हायच्या आत ढवळू मोखाड्याला चालत गेला आणि पोलिसांपुढे कोयता ठेवून म्हणाला, मी मारला.

ठाण्याच्या जेलमध्ये जाळीपलीकडे तो उकिडवा बसला होता. समोर बाक असूनही. हरेशने विचारलं, काका, घरी कोण आहे?

"कोनी नाय," ढवळू म्हणाला. "म्हनून तर."

हरेशने वही मिटली. त्याला ते माहीत होतं. पाड्यावर असं काही आक्रीत घडलं की लोक सकाळी बसतात. मेलेला परत येत नाही, पोलीस मात्र येतात आणि कुणाला तरी नेतात. मग ज्याच्यामागे कच्चीबच्ची नाहीत तो उठतो. त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. ढवळूची बायको कधीच वारली होती आणि मुलगी सोमी लग्न होऊन साखरशेतला गेली होती. तो उठला. खुनाला हत्यार लागतं, रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घरात होतं नव्हतं ते एक लोखंड बरोबर घेतलं.

"मला सोडवू नका, सायब," निघताना तो म्हणाला. "मी पाड्यात बोललोय."

परतीच्या गाडीत हरेश या वाक्याशी भांडत राहिला. त्या बिचाऱ्याचा शब्द मोडायचा आपल्याला काय अधिकार, असं विक्रमगडपर्यंत वाटलं. घाट लागला तेव्हा वाटलं, न केलेल्या खुनासाठी माणूस जेलमध्ये मेला तर तो आपल्या हातून मेला. झगडायचं, असं त्याने ठरवलं. पाड्याला हे कळवायला तो गेला नाही. आपलाच पोरगा आहे, समजून घेईल, असं पाडा धरून चालला होता.

पालघरच्या कोर्टात डॉक्टरांनी सांगितलं की जखम कापल्याची नाही, मोठ्या बोथट वस्तूच्या घावाची आहे, दगड किंवा ओंडका. कोयता दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. याच्या पाठीनेही असं होणार नाही. त्यानंतर पाड्यावरचे साक्षीदार आले. सगळ्यांनी कोयता पाहिला होता. पाड्यात तसं ठरलं होतं. हरेशने एकेकाला हळू आवाजात विचारलं, कोयता कुठल्या हातात होता, घाव कुठून आला, रक्त कुठे उडालं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. लहानपणी ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन ओहळ ओलांडला होता ती माणसं पिंजऱ्यात खाली बघत उभी होती आणि तो त्यांना भर कोर्टात खोटं ठरवत होता.

शेवटी लक्ष्या आला. हरेशचा मावसभाऊ. त्याची चार पोरं, धाकटं अजून अंगावर पिणारं.

लक्ष्याने कोयत्याचं सांगितलं. हरेशने विचारलं, तू किती लांब होतास. लक्ष्या म्हणाला, जवळच. पुंजा कसा पडला? आधी गुडघ्यांवर, मग पालथा, ओहळाकडे तोंड करून. हे पाड्यात ठरलेलं नव्हतं. गुडघ्यांचं इतर कुणी सांगितलं नव्हतं, पंचनाम्यात मात्र गुडघे खरचटल्याची नोंद होती. लक्ष्याच्या लक्षात आलं. त्याने वर पाहिलं. लहानपणी मासा हातातून निसटला की बघायचा तसा बघत राहिला.

पुढचा प्रश्न हरेशच्या तोंडात तयार होता. तेव्हा तुझ्या हातात काय होतं? न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही? सरकारी वकिलाने घड्याळ पाहिलं.

"नाही," हरेश म्हणाला आणि खाली बसला. ढवळूला सोडवायला एवढं पुरे होतं. बाकीचं त्याचं काम नव्हतं. हे कायद्याने बरोबर आहे, हे त्याला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे.

ढवळू निर्दोष सुटला. निकाल ऐकून तो हरेशकडे वळला आणि म्हणाला, "माझा कोयता?"

अपिलाची मुदत संपेपर्यंत कोयता कोर्टातच राहणार होता. हरेश त्याला जीपने पाड्यावर घेऊन गेला. घराच्या जागी सपाट जमीन होती. न येणाऱ्याचं घर पाडा उभं ठेवत नाही, लाकूड वाटून घेतो. ढवळूने आपल्या घराची आढी, मधलं आडवं लाकूड, लक्ष्याच्या छपरात ओळखली. लोक दारात उभे होते. लक्ष्याच्या बायकोने, सकूने, ढवळूला पाणी आणून दिलं. एकच तांब्या. हरेश जीपजवळ उभा राहिला. कोयत्याशिवाय कारवीच्या काठ्या तोडता येत नाहीत, काठ्यांशिवाय भिंतीचा कूड उभा राहत नाही, आणि आपला कोयता कुणी पुढे केला नाही. ढवळू परत जीपमध्ये बसला.

तो जव्हारच्या खोलीत राहिला. पहाटे उठून नाचणीची आंबील करायचा, पाड्याला पुरेल एवढी. पक्षकार आले की उठून बाहेर जायचा. दोघे फारसं बोलत नसत. पण हरेशने कोट खुर्चीवर टाकायचं सोडून खिळ्याला अडकवायला सुरुवात केली, कारण त्या खुर्चीत ढवळू पाय वर घेऊन बसायचा. एकदा हरेश म्हणाला, काका, इथंच राहा की. ढवळू हसला. "इथं मला कोन वळखतो?"

कोर्टातून कोयता परत मिळाला त्या दिवशी लक्ष्या खाली आला होता. खोलीच्या पायरीपाशी उभा, चपला हातात. हरेशने चहा टाकला, पण तो आत आला नाही.

"काका, चल," तो ढवळूला म्हणाला. "कारवी तोडून ठेवली हाय. आढी मी परत देतो."

ढवळूने कोयता कमरेला खोचला. सगळं ठरलेलं असल्यासारखा तो पायरी उतरला. पाड्यावर आता काय बोलणं झालं, पुंजाच्या घरी कोण काय घेऊन गेलं, हे हरेशला कुणी सांगणार नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

लक्ष्याने त्याला आयुष्यभर हरश्या अशीच हाक मारली होती. बाहेर उभ्या असलेल्या भाड्याच्या जीपमध्ये पाय ठेवताना तो क्षणभर थांबला.

"येतो, वकीलसायब."

जीप वळणाआड गेली. हरेश आत आला. सकाळची आंबील पातेल्यात अर्ध्याहून जास्त उरली होती. त्याने ती उभ्या उभ्याच प्यायला घेतली. दारात एक बाई मोखाड्याहून आली होती, तिच्या नवऱ्याला काल नेलं होतं. तिला खुर्ची दाखवून तो म्हणाला, बसा. आणि पातेलं संपेपर्यंत, घरी कोण आहे, हा नेहमीचा प्रश्न तो तिला विचारू शकला नाही.